योहानमामांची गाणी आणि काळा पडदा

प्रतिभाच्या डोळ्यांतला उजेड एकदम गेला नाही, तो कडांकडून ओसरत गेला. आधी दिवेलागणीनंतर दिसेनासं झालं. मग भर दिवसाही बाजूनं चालत येणारं माणूस एकाएकी समोर उगवायला लागलं. घोंगडीला पडलेल्या भोकातून बघावं तेवढंच जग तिला उरलं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे, हळूहळू वाढणार, औषध नाही.

ती दौंडला स्टेशनजवळच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची. पांढऱ्या कागदाचा आता डोळ्यांवर असा झोत यायचा, की त्यावरची काळी अक्षरं विरघळून जायची. एकदा तिनं एका मुलीचा पेपर तपासून दिला आणि मागाहून कळलं, की डावीकडच्या अर्ध्या ओळी तिनं पाहिल्याच नव्हत्या. कुणी काही बोललं नाही. तिनं स्वतःच काम सोडलं आणि वरवंडला आईकडं येऊन राहिली. बोटांना मात्र काहीही झालं नव्हतं. ओट्यावर बसली की ती बोटं मांडीवर आपोआप चालत राहायची, आणि आई, तानुबाई, तिकडं बघून नजर वळवायची.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात दबोरा तिला शोधत वरवंडला आली. ती प्रतिभाची दौंडची जुनी विद्यार्थिनी. आता शिरूरला, जुन्या मिशनच्या आवारात, तिनं स्वतःचा कॉम्प्युटर क्लास काढला होता.

"मॅडम, तुम्ही माझ्याकडं चला," दबोरा म्हणाली. "माझ्या भावानं, डॅनीनं, एक जुनं मशीन दिलंय. त्यात चित्रंबित्रं, खिडक्या काही नाहीत. नुसता काळा पडदा आन् त्यावर पांढरी अक्षरं. तुम्हीच म्हणाला होतात ना, फळ्यावरचं खडूचं अजून दिसतं म्हणून?"

"दिसतंय. थोडं थोडं," प्रतिभा म्हणाली.

"घोडनदीला?" तानुबाईनं विचारलं. जुन्या माणसांसारखी तीही शिरूरला घोडनदीच म्हणायची. "तिथं हिला कोण बघंल?"

"मी आहे की मावशी. आमचे पप्पा आहेत. घरात तिसरं माणूस झालं तर बरंच होईल."

तानुबाईचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं होतं. माणसानं एका जागी बसून राहावं हे तिला कधीच पटलं नव्हतं. तिनं पोरीकडं पाहिलं आणि म्हणाली, "जा. बसून गंजशील."

शिरूरच्या त्या आवारात कौलारू घरं होती, मध्ये चर्च होतं, आणि घोड नदीकडून दुपारचा वारा यायचा. दबोराचे वडील योहान पूर्वी मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आता ऐंशीला टेकले होते. चर्चमधली पेटी तेच वाजवत आणि भजनं स्वतः रचत. त्यांनी एकही भजन कधी कागदावर उतरवलं नव्हतं. प्रतिभा पहिल्या दिवसापासून त्यांना मामा म्हणायला लागली.

मशीन मागच्या खोलीत होतं. प्रतिभा समोर बसली आणि मान हळूहळू फिरवत पडदा शोधला. पूर्ण काळोख, आणि वरच्या कोपऱ्यात एक छोटी रेघ, लुकलुकणारी. त्या काळोखाचा डोळ्यांना त्रास झाला नाही, उलट थंड वाटलं. तिनं सवयीनं टायपिंगचा पहिला धडा मारला, ए एस डी एफ जी, आणि एंटर दाबलं.

खाली एक ओळ उमटली. प्रतिभा दचकली. एवढी वर्षं तिनं यंत्रांवर बोटं चालवली होती, एकाही यंत्रानं उलटून काही म्हटलं नव्हतं.

"काय म्हणतंय गं हे?"

"अशा नावाची कमांड सापडली नाही म्हणतंय," दबोरा हसली. "मला पण याच्या पुढचं फारसं येत नाही. रविवारी डॅनी येईल, त्याला विचारा."

डॅनी पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचा. रविवारी चर्च सुटल्यावर तो येऊन स्टुलावर बसला. त्याला समजावून सांगायची हौस होती आणि प्रतिभाला विचारायची.

"मॅडम, पडदा म्हणजे मशीन नाही," तो म्हणाला. "पडदा आणि कीबोर्ड मिळून नुसतं दार. त्याला टर्मिनल म्हणायचं. दाराच्या आत एक जण तुमची वाट बघत असतो, त्याला म्हणतात शेल. तुम्ही ओळ लिहून एंटर मारलं, की तो ओळीचे शब्द सुटे करतो. पहिला शब्द म्हणजे कामाचं नाव. त्या नावाचा कामकरी त्याच्या ठरलेल्या जागांमध्ये आहे का, ते तो बघतो. सापडला तर पुढचे शब्द त्याच्या हातात देतो आणि कामाला लावतो. काम संपलं की परत दाराशी येऊन उभा."

"आन् सापडला न्हाई तर?"

"तर तसं सांगतो."

"चिडत न्हाई?"

"नाही हो."

"आन् काम झालं की सांगतो का, झालं म्हणून?"

"नाही. ते जरा वेगळं आहे. सांगण्यासारखं काही नसेल तर तो गप्प राहतो. गप्प म्हणजे काम झालं, असं समजायचं."

प्रतिभाला हे आवडलं. तिच्या घरातली माणसंही तशीच होती.

मग डॅनीनं आतली रचना सांगितली. सगळं एका मुळापासून फुटतं, मुळाला फांद्या, फांद्यांना आणखी फांद्या, आणि शेल कुठल्या तरी एका जागी उभा राहून तुमचं ऐकतो. एलएस म्हटलं, की त्या जागी काय काय आहे ते दाखवतो. सीडी म्हणून जागेचं नाव दिलं, की तिथं जातो.

"आणि आपण कुठं आहोत हे विसरलं, तर पीडब्ल्यूडी."

"सडकंचं खातं?"

डॅनी इतका हसला की बाहेरून योहानमामा काय झालं म्हणून बघायला आले. "सडकेचं खातं नाही. मी सध्या कुठं आहे, एवढाच प्रश्न. कितीही वेळा विचारा."

प्रतिभानं विचारलं. पडद्यावर पत्ता आला, मुळापासून सुरू होऊन तिच्या नावापर्यंत. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तोच पत्ता आला, तितक्याच शांतपणे. चौफुल्याच्या स्टँडवर हाच प्रश्न विचारताना तिचा जीव अर्धा व्हायचा. एक तर माणूस तिच्या डोळ्यांकडं टक लावून बघायचा, नाहीतर ओरडून सांगायचा, जसे तिचे कानच गेलेत. इथं काळोखात कुणीतरी होतं आणि त्याला या प्रश्नात काहीच नवल वाटत नव्हतं. ती त्या दुपारी पुन्हा पुन्हा विचारत राहिली. डॅनी कधी उठून गेला, तिला कळलं नाही.

त्यानंतर तिला स्वप्नं पडायला लागली. जेवल्यावर ती दबोराच्या खाटेवर आडवी व्हायची आणि डोळा लागला की एका मोठ्या घरात चालत असायची. घराला भिंती नव्हत्या, फक्त दारं होती आणि प्रत्येक दाराला नाव होतं. नाव घेतलं की ती आत असायची. पायाखाली कधी फरशी, कधी घोडनदीची ओली वाळू. कुठूनतरी मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या. तिथं तिला दिसत होतं असं नाही, पण न दिसण्याची अडचणही होत नव्हती. ती विचारायची, मी कुठं हाय, आणि मुळापासून एकेक जागा सांगत कुणीतरी तिला तिच्यापर्यंत आणून सोडायचं. जागी झाली तरी काही वेळ ते घर खोलीत रेंगाळायचं, आणि वारा, कौलं, बाहेर दबोराची चाललेली शिकवणी हे सगळं त्या घराच्या एखाद्या फांदीवर असल्यासारखं वाटायचं.

गणपती झाले, दसरा झाला. पडद्यावरची पांढरी अक्षरंही फिकी होत होत एका सकाळी तिच्यासाठी उमटलीच नाहीत. प्रतिभानं ब्राइटनेसचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. मग हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली. दबोरानं दारातून पाहिलं आणि आत न येता डॅनीला फोन लावला.

डॅनीनं येताना प्रोग्रॅमची एक तबकडी आणली आणि दोन लहान स्पीकर. दिवसभर खटपट करून त्यानं मशीनला बोलतं केलं. पडद्यावर जे उमटेल ते एक पुरुषी, सपाट आवाज इंग्रजीत वाचून दाखवायचा. प्रतिभानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं तर तो तेही वाचायचा, पण जीभ जड असल्यासारखं.

योहानमामांनी ते ऐकलं आणि पोट धरून हसले. "अरे, हा तर आमचा जुना मिशनरी साहेब! असंच मराठी बोलायचा. 'टुमचा टाप उटरला काय?'"

तेव्हापासून त्या आवाजाला घरात साहेबच म्हणायला लागले.

साहेबाची भाषा कानात बसायला दिवाळी उलटून गेली. मग प्रतिभा पूर्वीसारखीच चालायला लागली, आता नुसत्या कानांनी. हाताला सवय राहावी म्हणून रोज सराव करायची, आणि सरावाच्या फायली एका वेगळ्या जागी ठेवायची. खरं काम दुसऱ्या जागी होतं, तिचं नाव तिनं 'गाणी' ठेवलं होतं. दुपारी योहानमामा पेटी घेऊन शेजारी बसायचे, एकेक भजन म्हणायचे, आणि ती इंग्रजी अक्षरांत उतरवून घ्यायची. हे दबोराचंच म्हणणं होतं. पप्पा हल्ली विसरायला लागले होते. एखादं कडवं म्हणता म्हणता थांबायचे आणि पेटीच्या पट्ट्यांवर हात तसेच ठेवून खिडकीकडं बघत राहायचे.

"जाऊ दे, येईल उद्या," ते म्हणायचे. कधी दुसऱ्या दिवशी यायचं, कधी नाही.

नाताळाच्या आत जवळपास सगळी भजनं उतरून झाली.

जानेवारीत, एका सकाळी, प्रतिभा सरावाच्या जुन्या फायली पुसायला बसली. ती 'गाणी'मध्ये होती, कारण आधी तिनं एक भजन ऐकलं होतं. तिनं सराव या जागी जायची ओळ लिहिली आणि एंटर मारलं. त्याच क्षणी चर्चची घंटा वाजायला लागली. आवारातल्या एका म्हाताऱ्या बाई रात्री गेल्या होत्या, त्यांच्या मातीची ती घंटा होती, सावकाश आणि मोठी. साहेब काहीतरी बोलला, ते त्या आवाजात बुडालं. प्रतिभाची बोटं थांबली नाहीत. तिनं आरएम लिहिलं, म्हणजे पूस, आणि पुढं चांदणी मारली. चांदणी म्हणजे इथलं सगळं. एंटर.

साहेब गप्प राहिला. गप्प म्हणजे काम झालं.

घंटा थांबली. काय उरलं ते बघावं म्हणून तिनं एलएस दाबलं. काही नाही. बरोबर. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं विचारलं, मी कुठं हाय?

साहेबानं मुळापासून सांगितलं. होम. प्रतिभा. गाणी.

तिनं वरच्या बाणाचं बटण दाबून आपली मघाची ओळ परत ऐकली. सरावाचं स्पेलिंग चुकलं होतं, एक अक्षर जास्त पडलं होतं. अशी जागाच नाही, असं साहेबानं सांगितलं असणार. शेल हलला नव्हता, होता तिथंच उभा होता. तिनं पुसायला सांगितलं, त्यानं पुसलं. त्यानं खात्री करून घेतली नव्हती, आणि तिनंही कुठं आहोत ते विचारलं नव्हतं.

ती तशीच भिंतीला हात लावत क्लासच्या खोलीत गेली. "दबोरा, जरा बाहेर ये."

दबोरानं ऐकून घेतलं. "सगळी?" तिनं विचारलं.

"सगळी."

"मॅडम, एकदा विचारायचं तरी होतं ना, कुठं आहे ते. दिवसातनं पन्नास वेळा विचारता की!" मग ती मागच्या अंगणात निघून गेली आणि बराच वेळ तिथून हापशाचा आवाज येत राहिला. बादली केव्हाच भरली असणार.

प्रतिभानं पिशवी भरायला घेतली. साड्यांच्या घड्या घालताना तिला रडू आलं नाही, फक्त आपण फार लांब कुठंतरी आहोत असं वाटत राहिलं. योहानमामा मातीवरून परतले तेव्हा ती दारात पिशवी घेऊन बसली होती.

"कुठं निघाली?"

तिनं सांगितलं. मामा शेजारच्या पायरीवर टेकले. त्यांना समजायला वेळ लागला, मग समजलं.

"असं," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी पिशवी उचलून आत नेऊन ठेवली. "आज मयताच्या घरी जेवण न्यायचंय. दबोराला भाकरीला मदत कर."

डॅनीनं फोनवर एकच विचारलं, "त्यानंतर मशीनवर काही लिहिलंय? नाही ना? मग बंद करा आणि हात लावू नका."

रविवारी तो दुसरी एक डिस्क घेऊन आला. सगळे मागच्या खोलीत जमले. दबोरा प्रतिभापासून लांब, दाराला टेकून उभी होती.

"पुसलं म्हणतो तेव्हा फक्त नाव पुसलं जातं," डॅनी तारा जोडता जोडता म्हणाला. "शेलनं आरएमला बोलावलं, आरएमनं नावं काढून टाकली. मजकूर होता तिथंच असतो. त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. पण नाव नसल्यामुळं कुणी हाक मारू शकत नाही."

"मंग आपण कशी मारायची?" प्रतिभानं विचारलं.

"नावानं नाही. आतल्या शब्दानं. एक शब्द सांगा, जो सगळ्या गाण्यांत आहे. तो शब्द अख्ख्या डिस्कवर शोधायला सांगतो. आजूबाजूच्या ओळींसकट जे सापडेल ते खरं."

"प्रभू," मामा म्हणाले. "दुसरा कुठला असणार?"

डॅनीनं ओळ लिहिली. डिस्क घरघरायला लागली. खूप वेळ नुसती घरघर, बाहेर कोंबड्या, आणि दुपारचा वारा. मग साहेब बोलायला लागला.

आधी नुसता कचरा आला, सुटी अक्षरं, आकडे. मग एकाएकी एक ओळ, अर्ध्यातून तुटलेली. मग दुसऱ्याच भजनाची शेवटची ओळ, तिच्या पाठोपाठ तिसऱ्याचं ध्रुपद. एकाचं डोकं, दुसऱ्याचे पाय. तो जड जिभेचा आवाज काही न समजता एकामागून एक वाचत होता, नदीच्या पुरातून काय काय वाहत यावं तसं. प्रतिभाला वाटलं, आपण त्या स्वप्नातल्या घरात आहोत आणि सगळ्या दारांवरच्या पाट्या काढून टाकल्यात, पण आतली माणसं अजून आत आहेत, बोलतायत.

मामा डोळे मिटून ऐकत होते. त्यांचा हात पेटीवर गेला. साहेबानं एक तुटकी ओळ म्हटली आणि मामांनी तिच्या पुढची ओळ गाऊन टाकली. थांबले नाहीत. अख्खं कडवं म्हटलं.

"पप्पा," दबोरा हळूच म्हणाली, "हे कडवं तुम्हाला उतरवून देताना आठवलं नव्हतं."

"मी सुरुवातीपासून आठवायला जायचो," मामा म्हणाले. "हा मधूनच उचलतोय."

प्रतिभानं डॅनीला बाजूला सरकायला सांगितलं आणि दुसऱ्या डिस्कवर नवी फाइल उघडली. संध्याकाळ होईस्तोवर साहेब तुकडे बोलत होता, मामा गात होते, ती उतरवत होती. लाइट गेली तेव्हाच ते थांबले. दबोरानं चहा आणला, आणि कप प्रतिभाच्या हातात देताना तिची बोटं कपाभोवती नीट बसवून दिली. "गरम आहे, मॅडम," म्हणाली. एवढंच.

असे पुढचे तीन-चार रविवार गेले. बरीच भजनं जुळली. काहींची दोन-दोन कडवीच राहिली. काहींचा एक शब्दही सापडला नाही, आणि मामांना ती कुठली होती हेही सांगता येईना. एक मात्र वेगळंच झालं. विहिरीवरच्या प्रवाशाचं एक भजन होतं आणि चुकलेल्या मेंढराचं दुसरं. दोन्हींचे तुकडे डिस्कवर एकमेकांना चिकटून आले, आणि साहेबानं ते एका दमात वाचले.

कोरड्या विहिरीपाशी, उभा कोण गे प्रवासी,
मेंढरू खांद्यावरी, रक्त त्याच्या पायांसी.

प्रतिभानं दोन्ही वेगळी करायला घेतली. मामांनी तिचा हात धरला. "राहू दे. मी दोन केली होती, ती एकच होती वाटतं."

ईस्टरच्या पहाटे आवारातली सगळी माणसं दफनभूमीकडं गेली आणि उजाडताना तिथं हेच भजन म्हटलं. तानुबाई आदल्या दिवशीच्या एसटीनं आली होती. लेकीचा हात धरून ती लोकांच्या मागं उभी राहिली. चाल तिला ओळखीची वाटली असावी, ती मान हलवत होती. प्रतिभाच्या चेहऱ्यावर ऊन आलं, ते तिला कळलं. दबोराचा आवाज पलीकडच्या बाजूनं येत होता, सगळ्यात वर.

परतल्यावर ओट्यावर चहा झाला.

"यातलं तू केलेलं कुठलं?" तानुबाईनं विचारलं.

"माझं कुठलंच न्हाई, आई. मामांचं हाय सगळं. मी नुसतं पुसलं व्हतं."

मामा हसले. तानुबाई हसली नाही, ती कशाच्या तरी विचारात होती.

"गानं चांगलं हाय, पाव्हणं," ती मामांना म्हणाली. "पर मेंढरू असं नुसतं खांद्यावर ऱ्हात न्हाई. चारी पाय म्होरं घिऊन एका मुठीत धराया लागत्यात. न्हाईतर लाथा मारून पळतंय."

"असं?" मामांनी कप खाली ठेवला. "कसं धरायचं म्हणता?"

तानुबाईनं दबोराची शाल ओढून घेतली, तिची मोट बांधून खांद्यावर टाकली, आणि ओट्यावर उभी राहून दाखवायला लागली.